मागच्या सीटवरची ऊब

सकाळी गच्चीवरची कपड्यांची दोरी हाताला ओली लागायला लागली, की आमच्याकडे थंडी आली असं समजायचं. रायपूरची थंडी घरात बसणाऱ्याला फार छळत नाही. ऊन वर आलं की स्वेटर काढून खुर्चीवर टाकायचा, दुपारी तर पंखासुद्धा लावावासा वाटतो. ती खरी कळते पहाटे, आणि तीही गाडीवर. पायी चालणारा चालून चालून गरम होतो. गाडीवरचा माणूस जितकी घाई करेल तितका गारठतो, कारण अंगावर येणारा वारा त्याचा त्यानंच तयार केलेला असतो.

माझं गाडी चालवणं सुटून बरीच वर्षं झाली. आता माझी थंडी म्हणजे ओसरीतली खुर्ची, चहाचा कप आणि फाटकाशी रोज सकाळी चालणारा एक छोटा कार्यक्रम. माझ्या बायकोची, कुंदाची, भाची ऋचा शिकायला आमच्याकडे राहते. तिचं कॉलेज नव्या रायपूरला. तिकडे बस फारशा नाहीत, म्हणून ती स्कूटरनं जाते. रस्ता एवढा रुंद आणि दोन्ही बाजूंना एवढं मोकळं, की वारा अडवायला मधे काही नाही. कुंदा तिला फाटकाशी थांबवते, ओढणी दोनदा डोक्याभोवती फिरवून मागे गाठ मारते, वर हेल्मेट चढवते, हनुवटीखालचा पट्टा ओढून पाहते.

"नीट बांध. तुझ्या बापानं केसांच्या शौकापायी तोंड वाकडं करून घेतलं होतं. तू त्याचीच पोट्टी."

"हव, आत्या, हव. हर ठंड में सुनती हूँ."

ऋचाला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती हिंदीतच देते. स्कूटर गल्लीच्या वळणावर जाते आणि कुंदा आत येते. मी पेपरमधे डोकं घालून बसलेला असतो.

केसांचं ते वाक्य कुंदाचं नाही. ते माझं आहे. मी ते एका थंडीत बोललो, तिनं विश्वासानं जपून ठेवलं, आणि गेली वीसेक वर्षं दर थंडीला ती ते घरातल्या पोरांना ऐकवत आली. आधी आमच्या मुलांना, आता प्रमोदच्या मुलीला. वाक्य खोटं आहे. ते खोटं आहे हे दोघांनाच माहीत होतं, मला आणि प्रमोदला.

प्रमोद कुंदाचा धाकटा भाऊ. घरातलं शेंडेफळ, तिनं कडेवर खेळवलेला.

राज्य तेव्हा नवं नवं होतं. गावाला एकदम राजधानीचा मान मिळाला होता आणि तो कुठे ठेवायचा हे गावाला सुचत नव्हतं. मंत्रालय एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरायचं. सरकारी पाट्यांना ओल्या रंगाचा वास यायचा. भोपाळहून आलेले साहेबलोक भाड्याची घरं शोधत हिंडायचे आणि ज्याच्याकडे दोन खोल्या जास्त तो मालक झाल्यासारखा बोलायचा. आमच्या तात्यापाऱ्यातली जुनी मराठी मंडळी म्हणायची, आमचे पूर्वज इथे भोसल्यांबरोबर आले, आम्हाला राजधानीचं काय कौतुक! आणि एवढं म्हणून लाल दिव्याची गाडी गेली की वळून बघायची. मी सिलतऱ्याला लोखंडाच्या एका कारखान्यात डिस्पॅचला होतो. ट्रक भरले का, तोलले का, कागद झाले का, हे बघायचं काम. कारखाने रोज वाढत होते, माणसं लागत होती. सासूबाईंनी गोंदियाहून निरोप पाठवला की पोट्टा नुसता घरी बसून आहे, जावयांनी काही बघावं. मी बघितलं. प्रमोदला आमच्याच कारखान्यात स्टोअरला लावलं. तो आमच्याकडेच राहायला आला. उंच, हसरा, आणि केस खरोखरच चांगले. हे मुद्दाम लिहितो, कारण केस चांगले नसते तर माझं खोटं कुणाला पटलं नसतं.

पहिली पाळी सहाची. पाचला घर सोडावं लागे. माझी एक जुनी मोटारसायकल होती, थंडीत तिला आधी चोक ओढून मग मनधरणी करत किक मारावी लागायची. पहिल्या दिवशी मी पुढे बसायला गेलो तर प्रमोदनं हँडल धरलं.

"जिजाजी, तुम्ही मागं बसा नं. मी असताना तुम्ही काहून चालवता?"

"रस्ता माहीत आहे का तुला?"

"तुम्ही सांगत जा. डावा-उजवा तं मले कळते."

मी मागे बसलो. त्याला ते जड गेलं नाही आणि मलाही गेलं नाही. आमच्यात जावयाला मान असतो. सासरी गेलं की जावई पहिला पाटावर बसतो, पहिलं ताट त्याला वाढतात, स्टेशनवर त्याच्या हातातली पिशवी साळा घेतो. गोंदियाला दर दिवाळीत मी हे सगळं भोगत आलो होतो. पाट, ताट, पिशवी इथपर्यंत त्यात काही वाईट नव्हतं. तोच मान आम्ही दोघांनी मोटारसायकलवर आणला, आणि मोटारसायकलवर मागची सीट म्हणजे काय हे आम्हाला डिसेंबर लागेपर्यंत समजलं नाही. म्हणजे त्याला समजलं असेल. मला समजायचं कारणच नव्हतं.

थंडीत गाडीवर ऊब टिकवणं हे एक शास्त्रच होतं आणि ते त्या हिवाळ्यात प्रमोदनं जवळपास एकट्यानं बसवलं. मोज्यांवर पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, पन्नीवर आणखी एक मोजा, मग बूट. हातमोज्यांच्या आत बोटांना मोहरीचं तेल. तेलाचा एक हात कानांना, नाकाच्या शेंड्याला. निघण्याआधी गुळाचा खडा तोंडात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वर्तमानपत्र. शर्ट आणि स्वेटर यांच्या मधे छातीवर घडी करून वर्तमानपत्र घातलं की वारा आरपार जात नाही. आमच्याकडे दोन पेपर यायचे. हिंदी सकाळी दारात पडायचा, नागपूरचा मराठी गाडीनं दुपारी यायचा. पहाटे दोन्ही आदल्या दिवशीचेच असत. प्रमोद दोन्ही घालायचा.

"हिंदी पोटाले, मराठी छातीले," तो म्हणायचा. "छातीले आपलं माणूस पायजे."

वाटेत भनपुरीला आम्ही चहाला थांबायचो. तो स्वेटर वर करून चुरगळलेली घडी सारखी करत असला की टपरीवाला दर वेळी विचारायचा, "का गा भैया, अखबार ला पढ़थौ के पहिरथौ?" पेपर वाचता की घालता?

"पहिली पहिरथन, पाछू पढ़थन!" आधी घालतो, मग वाचतो. गोंदियाचा पोरगा दोन महिन्यांत तिथली बोली बोलायला लागला होता. टपरीवाला खूश होऊन त्याच्या ग्लासात आल्याचा चहा वरपर्यंत भरायचा. प्रमोद चहा पिताना एक हात इंजिनाजवळ धरायचा, मग ग्लास बदलून दुसरा. हात शेकून झाले की ते गालांना लावायचा.

मला यातलं काही करावं लागत नसे. माझ्याकडे जॅकेट होतं. थंडीत तिबेटी लोक गावात लोकरीच्या कपड्यांची दुकानं मांडतात, तिथून ते आणलं होतं. मी नव्हे, प्रमोदनं, त्याच्या पहिल्या पगारातून. निळं, आत मऊ अस्तर, मानेपर्यंत चेन. कुंदा म्हणाली, "अरे, स्वतःले घे नं. तू समोर बसतं."

"मी तं पोट्टा आहो, ताई. जिजाजीले शोभून दिसते."

ते मला शोभून दिसत होतं. मी आरशात पाहिलं आणि ठेवून घेतलं.

मागच्या सीटवरची ऊब मला अजून अंगावर आठवते. पुढच्या माणसाच्या पाठीच्या आडोशाची ऊब, जॅकेटच्या खिशातल्या हातांची ऊब. मागे बसणाऱ्याचे हात मोकळे असतात, ते खिशात राहू शकतात. समोर फक्त प्रमोदची मान, मफलरची सुटलेली कड आणि तेलाचा वास. धुक्यात ट्रकचे दिवे पिवळे ठिपके होऊन यायचे आणि जवळ आल्यावर एकदम अवाढव्य व्हायचे. उरल्याकडे वळणारा फाटा गेला की हवेत कोळशाची चव लागायला सुरुवात व्हायची. पुढे एका ठिकाणी रस्त्याला लागून भट्ट्या होत्या. तिथे काही क्षणांपुरता गरम हवेचा पट्टा लागायचा, कुणी तोंडासमोर चुलीचं दार उघडावं तसा. प्रमोद तिथे गाडी हळू करायचा.

"जिजाजी, घ्या, घ्या, गरम हवा घ्या," तो ओरडून सांगायचा.

ती हवा त्याला किती हवी होती हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मला वाटायचं पोरगा मजा करतोय.

थंडीत हात आधी दुखतात. बोटांच्या पेरांत सुया टोचतात, नखांखाली ठणका लागतो. मग दुखणं थांबतं, आणि माणसाला वाटतं की आता बरं झालं, सवय झाली. बरं झालेलं नसतं, बधिर झालेलं असतं. ऊब मिळाली की तेच हात इतके दुखतात की डोळ्यांत पाणी येतं. माझं हे बाकीचं आयुष्य त्या मधल्या अवस्थेत गेलं असं मला वाटतं. काही दुखत नव्हतं. मी कामावर गेलो, निवृत्त झालो, नातवंडं झाली, दर थंडीला ते वाक्य ऐकलं आणि काहीच दुखलं नाही. मी त्याला मनाची शांती समजत होतो.

आता हेल्मेटचं सांगायला हवं.

घरात हेल्मेट एकच होतं, तोंडापुढे काच असलेलं. तेव्हा हेल्मेट घालणारे थोडे, आणि एकच असेल तर ते चालवणाऱ्यानं घालायचं हे कुणालाही कळेल. आमच्याकडे ते मी घालायचो. मागे बसून. सुरुवात एका खऱ्या कारणानं झाली होती. थंडी सुरू झाली तेव्हा चार दिवस माझा कान दुखत होता, प्रमोदनंच ते माझ्या डोक्यावर चढवलं. कान बरा झाला, हेल्मेट माझ्याकडेच राहिलं. मी स्वतःला एक कारण शोधून दिलं होतं. धुक्यात श्वासानं काच धुरकटते, चालवणाऱ्याला समोरचं दिसत नाही, समोर ट्रक असतात, तेव्हा त्यानं न घातलेलंच बरं. हे मी प्रमोदला समजावून सांगितलं. तो "बरोबर आहे, जिजाजी" म्हणाला. आज मनात ते चित्र आणून बघतो. पुढे मफलर गुंडाळलेला मुलगा, डोळे बारीक करून वाऱ्यात बघणारा. मागे त्याच्या पाठीआड जॅकेट आणि हेल्मेट घालून, खिशात हात घालून बसलेला चाळिशीचा गृहस्थ. त्या रस्त्यावर एवढी माणसं आम्हाला रोज बघत होती. एकालाही हसू आलं नाही का?

संक्रांत जवळ आली होती. दुर्गच्या एका मुलीचं स्थळ प्रमोदला सांगून आलं होतं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्यानं तिला एकदा पाहिलंही होतं, आणि तेव्हापासून तो घरात विनाकारण शीळ घालत फिरायचा. कुंदाला दिवसातून चारदा विचारायचा, कोणता शर्ट घालू. त्या दिवसांत एका पहाटे गारठा एकदम वाढला. रात्री कुठेतरी पाऊस झाला असावा. फाटकाशी किक मारण्याआधी प्रमोद माझ्याकडे वळला.

"जिजाजी, आज हेल्मेट मी घालू का? काच वरच ठेवतो. डाव्या गालाले कालपासून कसंतरी होऊन राहिलं."

पूर्ण हिवाळ्यात त्यानं माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

मी म्हणालो, "आज कान ठणकतोय रे माझा."

माझा कान ठणकत नव्हता. मला फक्त ते डोक्यावरून काढायचं नव्हतं. आत माझ्या श्वासानं छान ऊब धरली होती.

"राहू द्या, राहू द्या मग," तो म्हणाला, मफलर एकदा सोडून पुन्हा घट्ट बांधला आणि किक मारली. वाटेत तो गरम हवेच्या पट्ट्यात हळू झाला नाही, हे मला आठवतं.

कारखान्याच्या कँटीनमधे पोह्यांबरोबर चहा घेताना त्याच्या तोंडाच्या कडेनं चहा गळून शर्टावर आला. मी म्हणालो, "काय रे, पिता येत नाही का?" तो पुसायला लागला आणि पुन्हा गळला. टेबलावरचा एक जण हिंदीत म्हणाला, "दूल्हे राजा अभी से नखरे दिखा रहे हैं!" सगळे हसले. प्रमोदही हसला, आणि हसताना त्याचा चेहरा एकाच बाजूनं वर गेला. दुसरी बाजू जागची हलली नाही.

"जिजाजी," तो माझ्या कानाशी म्हणाला, "हा ओठ माझा वाटूनच नाही राहिला."

त्यानं शीळ घालून पाहिली. नुसती हवा आली.

घरी गेल्यावर कुंदानं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. ती रडत होती आणि चिडलीही होती. "हेल्मेट काहून नाही घातलं रे? घरात हेल्मेट असून काहून नाही घातलं?" ती त्याला विचारत होती. पाळीवर निघताना ती झोपलेली असायची, कुणाच्या डोक्यावर काय आहे हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. प्रमोद काही बोलण्याआधी मी बोललो.

"ऐकतो का तो? केस मोडतात म्हणे. शौक!"

असं काही बोलायचं मी ठरवलं नव्हतं. ते आपोआप आलं, ठेच लागल्यावर हात पुढे येतो तसं. माझ्या अंगात अजून निळं जॅकेट होतं. प्रमोदनं माझ्याकडे पाहिलं. त्याचा एक डोळा मिटत नव्हता, त्यामुळे त्या बाजूनं तो बघतच राहिल्यासारखा वाटायचा. मला वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, "जाऊ दे नं ताई."

बहिणीच्या घरात, तिच्या नवऱ्याला तो खोटं कसं पाडणार होता?

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, हे वाऱ्यानंच झालं असं म्हणता येणार नाही, हा चेहऱ्याच्या नसेचा आजार घरात बसलेल्यालाही होतो, गोळ्या आणि चेहऱ्याचे व्यायाम करा, बहुतेक बरं वाटेल. या बोलण्याचा मी पुढे अनेक वर्षं आधार घेतला. वाऱ्यानं झालं नसेल तर हेल्मेटचा प्रश्न येत नाही, आणि हेल्मेटचा प्रश्न येत नसेल तर माझाही येत नाही. हिशेब बरोबर होता. पण मला ज्याची भरपाई करायची आहे तो वारा नाही, ते वाक्य आहे. कारण त्या वाक्यानं पुढे जे केलं ते आजारानं केलं नव्हतं.

दुर्गच्या मुलीचे वडील ठरल्याप्रमाणे आले. त्यांना आम्ही आधीच कळवलं होतं, तरी आले. प्रमोद तोंडाच्या कडेला रुमाल धरून समोर बसला. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "अहो, चेहऱ्याचं काय, डॉक्टर म्हणतात तर सुधरेल. आम्ही थांबू." कुंदाचा जीव भांड्यात पडला. त्या आनंदात तिनं त्यांना तिळाच्या वड्या वाढता वाढता सांगितलं, कौतुकमिश्रित रागानं, जसं बहिणी सांगतात, "काय सांगू भाऊ, शौक याचा. केस मोडतात म्हणून हेल्मेट नाही घालत."

ते हातातली वडी बशीत ठेवून माझ्याकडे वळले. "खरं आहे का हे?"

इथे मला एक संधी होती. प्रमोद समोर होता, कुंदा समोर होती. मी म्हणालो, "हो, आहे खरं ते."

त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "वाईट नका वाटून घेऊ. चेहऱ्यासाठी मी थांबलो असतो. पण ज्याला स्वतःच्या डोक्याची काळजी नाही, त्याच्या मागे उद्या माझी मुलगी गाडीवर बसणार." त्यात चुकीचं काय होतं? मुलीच्या बापानं असंच बोलावं. प्रमोद उठला आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेला. ते निघेपर्यंत तो बाहेर आला नाही. पाणी कुंदानं दिलं.

फाल्गुनात तो गोंदियाला परत गेला. चेहरा तोवर बराच सुधारला होता. जाताना माझ्या पाया पडला. पुढे तिकडेच त्याला काम मिळालं, चार-पाच वर्षांनी लग्न झालं, ऋचा झाली. संसार बरा आहे त्याचा. दिवाळीला मी गेलो की अजून स्टेशनवर येतो आणि माझ्या हातातली पिशवी घेतो. हसला की त्याचा डावा डोळा आपोआप बारीक होतो. ऋचाला वाटतं पापांची ती लकब आहे.

यंदा काय झालं ते सांगतो. ऋचा गच्चीवर मैत्रिणीशी फोनवर बोलत होती आणि मी उन्हात बसलो होतो. ती हसत सांगत होती, "अरे मेरे पापा तो हीरो थे अपने टाइम में. बालों के चक्कर में मुँह टेढ़ा करवा लिया, शादी टूट गई!" मैत्रीणही हसली असणार. आजवर ते वाक्य प्रमोदच्या बहिणीच्या तोंडात होतं. आता त्याच्या मुलीच्या तोंडात गेलं होतं. तिच्या लेखी तिचा बाप एक हलकी गोष्ट झाला होता, आणि ती गोष्ट माझी होती.

मी खाली आलो. कुंदा मटार सोलत होती. मी समोर बसून सांगितलं. हेल्मेट त्यानं मागितलं होतं. मी दिलं नाही. केसांचं मी बोललो होतो, तो कधीच बोलला नव्हता.

कुंदा सोलतच होती. मग थांबली. "काहून सांगून राहिले आता?"

"ऋचा हसत होती त्याच्यावर."

तिनं मटाराचं ताट बाजूला सरकवलं, फोन घेतला, प्रमोदला लावला आणि आवाज मोठा केला. माझ्याकडे न बघता त्याला सगळं विचारलं. ऋचा जिन्यात उभी होती हे आम्हाला नंतर दिसलं.

फोनमधून प्रमोद हसला. "अवं ताई, काहीतरीच काय! केसांचाच शौक होता मले. हेल्मेट तं मीच नाही म्हणत होतो. जिजाजीले वय झालं, काहीतरी मनात घेऊन बसतात. त्यांना म्हण, थंडी आहे, सकाळी बाहेर बसत नका जाऊ."

"खरं सांग, पमू. माझी शपथ आहे तुले."

"खरंच सांगून राहिलो नं. ठेव आता, मले निघायचं आहे."

फोन बंद झाल्यावर कुंदा माझ्याकडे बघत राहिली. आता कुणावर विश्वास ठेवायचा हे तिला कळत नव्हतं. एकानं खोटं बोलून वीस वर्षं काढली होती आणि दुसरा आता, या क्षणी, तिची शपथ असूनही, तेच खोटं उचलून धरत होता. मी म्हणालो, तो खोटं बोलतोय. माझंच म्हणणं मला चोरट्यासारखं वाटलं.

ऋचा जिना उतरून आली.

"फुफाजी, हेल्मेट किसके सिर पे था?"

"माझ्या."

"और गाड़ी कौन चला रहा था?"

"तुझे बाबा."

ती जिन्याच्या कठड्यावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "तो पापा अभी भी आगे ही बैठे हैं. आप पीछे." रागानं नाही म्हणाली. एखादी गोष्ट नीट समजून घेतल्यावर माणूस बोलतो, तसं म्हणाली, आणि अभ्यासाला निघून गेली.

तोंडानं सांगून भागणार नाही हे मला तेव्हा कळलं. माझ्या शब्दापुढे प्रमोदचा शब्द उभा राहील आणि लोक त्याचाच मानतील, कारण तो कधी खोटं बोलत नाही. म्हणून हे लिहून काढलं. त्याला विचारू नये. तो नाही म्हणेल.

तो फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. मी ओसरीत नेहमीच्या जागी बसलो. कुंदानं चहा आणून ठेवला. ऋचा स्कूटर बाहेर काढून फाटकाशी थांबली. कुंदानं तिच्या डोक्याला ओढणी गुंडाळली, गाठ मारली, हेल्मेट चढवलं, पट्टा ओढून पाहिला. मग सवयीनं कुंदाचं तोंड उघडलं. मी वाट बघत होतो. ऋचाही बघत होती.

"हळू जा," कुंदा म्हणाली.